मधल्या मुक्कामाचे गाव

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या दवाखान्यात, रक्तदाब तपासून झाल्यावर, पिशवीतून एक घडी घातलेला कागद बाहेर येतो. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला असते आणि तिने आईवडिलांसाठी सहलीचा आराखडा करून पाठविलेला असतो. सहल इटलीची असेल तर आराखडा बहुधा ठरलेला असतो : रोममध्ये तीन रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन, व्हेनिसमध्ये दोन. ‘डॉक्टर, झेपेल ना?’ एवढेच विचारायचे असते. गेल्या महिन्यात मात्र सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी निराळा प्रश्न केला. ‘रोम आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये एखाद्या लहान गावी थांबा, असे मुलगी म्हणते. तिने चार गावांची छायाचित्रे पाठविली आहेत. चारही सुंदर आहेत. कोणते निवडू?’

हा प्रश्न सहलीच्या व्यवस्थापकाला विचारायचा, असे मला क्षणभर वाटले. मग त्यांच्या पत्नी खुर्चीचे हात धरून कशा उठल्या ते पाहिले आणि प्रश्न माझ्याच टेबलावरचा आहे हे लक्षात आले. त्यांना दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडते, कारण अशा प्रवासाला निघालेले वाचक आता थोडे राहिलेले नाहीत.

उत्तर थोडक्यात असे : जरूर थांबावे, पण दोन रात्री थांबणे शक्य असेल तरच. आणि गाव छायाचित्र पाहून ठरवू नये. बरोबरच्या मंडळींत जो सर्वांत अशक्त असेल, त्याची पावले, त्याचा दम आणि त्याची लघवीची निकड यांवरून ते ठरवावे.

थांबायचे कशासाठी?

रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी सुमारे दीड तासात पोहोचते. पुणे-मुंबई प्रवासाहूनही कमी वेळ. मग एवढ्याशा वाटेत थांबण्याचे कारण काय? कारण असे, की वृद्ध माणसाला आगगाडी दमवीत नाही, शहर दमविते. रोममध्ये दिवसभर दगडी चौकोनी ठोकळ्यांच्या रस्त्यांवरून चालायचे, रांगांत उभे राहायचे, बसमध्ये तोल सांभाळायचा, आणि बसायला जागा शोधायची. त्यातच भारत आणि इटली यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचे व हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. पहाटे तीनलाच जाग येते आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी डोळे मिटू लागतात. तरुण शरीर ही तूट एका रात्रीच्या झोपेने भरून काढते. सत्तरीनंतर राखीव शक्तीच कमी असते; रोमचा थकवा तसाच फ्लॉरेन्सला जातो आणि फ्लॉरेन्सचा व्हेनिसला. व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत शिल्लक काहीच नसते. दोन मोठ्या शहरांच्या मधला मुक्काम हा ही साखळी तोडण्यासाठी असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही पतिपत्नी माझ्या आईला घेऊन इटलीला गेलो होतो. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी रोजची. रोममधल्या तिसऱ्या संध्याकाळी एका चौकात ती म्हणाली, ‘तुम्ही जा, मी बसते.’ आई समंजस आहे, असे म्हणून आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे घोटे सुजलेले दिसले. विचारता विचारता कळले, की आदल्या दिवशी तिने जेमतेम दोन पेले पाणी प्यायले होते. ‘जावे लागले तर तुम्हाला कुठे शोधायला लावू?’ हे तिचे कारण. रक्तदाबाची गोळीही राहिली होती. ‘तुम्ही जा, मी बसते’ हे वाक्य मी दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यांच्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगितला आहे. स्वतःच्या आईचे मात्र मला ऐकू आले नाही.

त्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे ओर्व्हिएतोला गेलो. दोन रात्रींचे आरक्षण होते. त्या दोन रात्रींत काय झाले ते शेवटी सांगते. आधी गाव कसे निवडावे ते पाहू.

पाच कसोट्या

पहिली कसोटी स्थानकापासूनच्या अंतराची. इटलीतील अनेक जुनी गावे डोंगरावर आहेत आणि रेल्वे दरीतून जाते. गावाचे नाव स्थानकाला असले तरी गाव तेथे असतेच असे नाही. असिसीचे स्थानक खाली सपाटीवर सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे आणि संत फ्रान्सिसचे गाव दूर, वर डोंगराच्या उतारावर. मध्ये बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. कोर्तोनाचेही तसेच. म्हणून स्थानक ते निवासाचे दार हा शेवटचा टप्पा सामानासह कसा पार पडणार, हे आधी विचारावे. जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या मोटारींना बंदी असते, त्यामुळे मुलाने मोटार भाड्याने घेतली तरी ती दारापर्यंत जाईलच असे नाही. अनेक लहान स्थानकांत फलाट बदलण्यासाठी भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशांसाठी इटलीच्या रेल्वेची ‘साला ब्लू’ नावाची मोफत मदतसेवा आहे. ती सर्व स्थानकांत नाही आणि आधी कळवावे लागते, पण मिळत असेल तर संकोच न करता घ्यावी.

दुसरी कसोटी चढाची आणि जमिनीची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाव सपाट असूनही रस्ते गोट्यांचे असू शकतात. त्यांवर काठीचे टोक अडकते, चाकाची खुर्ची हादरते आणि पाय मुरगळतो. काठीला नवे रबरी बूड बसवून घ्यावे आणि पायांत मागून बंद असलेले, घरी महिनाभर वापरलेले बूट असावेत. सपाता नकोत आणि कोरे बूटही नकोत.

तिसरी कसोटी खोलीची. निवास जुन्या इमारतीत असेल तर उद्वाहक, म्हणजे लिफ्ट, आहे का आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, हे लिहून विचारावे. कित्येक ठिकाणी लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच आठ-दहा पायऱ्या असतात. न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की सपाट शॉवर, हेही विचारावे. रात्री, अनोळखी न्हाणीघराच्या वाटेवर वृद्ध माणूस पडण्याचा धोका असतो. प्रत्येक नवा मुक्काम म्हणजे एक नवे न्हाणीघर. म्हणूनच एका रात्रीचा मुक्काम मी नको म्हणते. त्यात बांधाबांध दोनदा आणि विश्रांती एकदाही नाही. पोहोचल्याबरोबर, उजेड असतानाच, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालून पाहावे आणि रात्री तेथला दिवा चालू ठेवावा.

चौथी कसोटी औषधांच्या दुकानाची आणि रुग्णालयाची. इटलीत औषधांचे दुकान म्हणजे ‘फार्माचिया’. दारावर हिरवा क्रूस असतो. लहान गावांत ही दुकाने दुपारी बंद असतात. रात्री आणि सुटीच्या दिवशी ती पाळीपाळीने उघडी राहतात आणि पाळी कोणाची याची पाटी दारावर लावलेली असते. जवळचे तातडीचे रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक ११२.

पाचवी कसोटी दिवसाच्या वेळापत्रकाची. दुपारी साधारण एक ते चार या वेळात लहान गावातील दुकाने आणि पुष्कळ चर्च बंद असतात. तरुण प्रवाशांना याचा त्रास होतो. आपल्या वयाच्या मंडळींना मात्र ही वेळ वामकुक्षीला बरी आहे. खरी अडचण रात्रीच्या जेवणाची. साडेसातपूर्वी बहुतेक भोजनगृहांची स्वयंपाकघरे सुरू होत नाहीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी औषध ठरल्या वेळी घेतले आणि जेवण दोन तासांनी लांबले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. जेवण समोर येत आहे याची खात्री झाल्यावरच औषध घ्यावे. पिशवीत राजगिऱ्याचा लाडू, भडंग किंवा खाकरा असावा आणि खिशात साखरेच्या पुड्या.

कोणते गाव?

आता गृहस्थांच्या चार गावांकडे वळू. त्यांच्या यादीत ओर्व्हिएतो, कोर्तोना, असिसी आणि अरेत्सो होती. पाचवे, फेरारा, मी घातले.

ओर्व्हिएतो रोम-फ्लॉरेन्स मार्गावर आहे. साध्या गाडीने रोमहून सव्वा ते दीड तास, आणि तेथून फ्लॉरेन्सला आणखी दोन ते अडीच तास. वेगवान गाड्या तेथे सहसा थांबत नाहीत. गाव ज्वालामुखीच्या मऊ खडकाच्या उभ्या कड्यावर वसलेले आहे. खालून पाहिले तर गुडघेदुखीच्या माणसाची छाती दडपावी. पण स्थानकाबाहेर रस्ता ओलांडला की दोराने ओढली जाणारी रेल्वे उभी असते. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. १९७० मध्ये बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. काही मिनिटांत ती कड्यावर पोहोचविते. वर एक लहान बस कॅथेड्रलच्या चौकापर्यंत नेते. गावाचा माथा बऱ्याच अंशी सपाट आहे, चढ सौम्य आहेत. थोडक्यात, मोठा चढ यंत्राने होतो आणि पायांना उरतो तो गावाचा माथा. रुग्णालय मात्र खालच्या सपाटीवर आहे, हे ध्यानात असू द्यावे.

तेथे एका गोष्टीपासून सावध करते. वरच्या स्थानकाजवळच संत पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट ओर्व्हिएतोच्या आश्रयास आले. वेढा पडला तर गावाला पाणी मिळावे म्हणून त्यांनी आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून ती खोदविली. उतरण्याचा आणि चढण्याचा जिना स्वतंत्र, एकमेकांभोवती वळत जाणारा. पाणी वाहणारी खेचरे समोरासमोर येऊ नयेत म्हणून. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ती पाहण्याचा मोह होणारच. परंतु ज्या चालण्याची सुरुवात उताराने होते, ते हृदयाला फसविते. उतरताना दम लागत नाही, आणि खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, मध्ये सोडून देता येत नाही अशा ठिकाणी होते. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा आजार असणाऱ्यांनी वरच्या कठड्यावरून आत डोकावावे आणि समाधान मानावे. आईने हे ऐकले. मी उतरले आणि वर आल्यावर पाच मिनिटे बोलू शकले नाही.

कोर्तोना आणि असिसी दोन्ही रमणीय आहेत, पण दोन्ही गावे डोंगराच्या अंगावर आहेत. दार उघडले की चढ किंवा उतार. ज्यांना आपल्याकडे पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता येतात, त्यांनी खुशाल राहावे. श्रद्धेने असिसीला जायचेच असेल, तर संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेच्या जवळच निवास घ्यावा, नाहीतर खालच्या सपाटीवर राहून वाहनाने जाऊन यावे.

अरेत्सो आकाराने मोठे. स्थानक गावाच्या पायथ्याशी, गावातच आहे. तेथून जुना भाग हळूहळू चढत जातो आणि वरचा मोठा चौक तर स्वतःच तिरपा आहे. स्थानकाजवळच्या खालच्या भागात निवास घेतला, तर जेवढे झेपेल तेवढेच वर जावे, दम लागला की वळावे. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची भित्तिचित्रे असलेले संत फ्रान्सिसचे चर्च चढाच्या मध्यावरच लागते. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने रुग्णालयही शहरातच आहे. हृदयरोग्यांसाठी ही मोठी सोय होय.

फेरारा फ्लॉरेन्सच्या पुढे, बोलोन्या आणि व्हेनिस यांच्यामध्ये आहे. पो नदीच्या मैदानातील हे गाव ताटासारखे सपाट. १३८५ मध्ये बांधावयास घेतलेला खंदकाचा किल्ला गावाच्या मध्यभागी, आणि भोवती सुमारे नऊ किलोमीटरचा तट. त्याच्या कडेने झाडांच्या सावलीत चालता येते. चाकाची खुर्ची ढकलावी लागत असेल, तर या पाचांत मी फेराराच निवडीन. दोन सूचना मात्र आहेत. मध्यभागातील काही जुन्या गल्ल्या गोट्यांच्या आहेत. खुर्ची तेथे नेऊ नये. आणि हे सायकलींचे शहर आहे. सायकल मागून आवाज न करता येते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी रस्त्याच्या कडेने, कोणाचा तरी हात धरून चालावे. फेराराचे मोठे रुग्णालय शहराबाहेर कोना येथे आहे. लाल भोपळ्याचे सारण भरलेला ‘कापेल्लाच्ची’ हा तेथला पास्ता शाकाहारी मंडळींना आवडेल. तो कधी मांसाच्या रश्श्यासह वाढतात, म्हणून मागविताना ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाविना, असे सांगावे. कवचासह पास्त्यात पिष्ट भरपूर. मधुमेहींनी अर्धी थाळी घ्यावी.

ऋतूविषयी एकच सांगते : एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमधील इटलीचे ऊन रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ आणते, आणि १५ ऑगस्टच्या आसपास सुटीमुळे पुष्कळ दुकानेही बंद असतात.

प्रवासाच्या दिवशी

औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक पुरतील इतकी न्यावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीही देऊ नये. ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची मूळ नावे आणि मात्रा लिहिलेले इंग्रजी पत्र आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे. आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणाला समजणार नाहीत. लघवीची गोळी घेणारे पुष्कळजण प्रवासाच्या दिवशी ती परस्पर बंद करतात. असे करू नये. ती किती वाजता घेतली तर गाडीत अडचण होणार नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. पाणी तोडणे हाही उपाय नव्हे. इटलीत सार्वजनिक शौचालये कमी, पण प्रत्येक चौकात कॉफीचे दुकान असते. एक कॉफी घ्यावी आणि तेथली सोय वापरावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो काढला म्हणजे काळजी मिटली असे समजू नये. पूर्वीपासून असलेल्या आजारांना तो लागू आहे की नाही, हे कलम मुलांकडून वाचून घ्यावे. आणि गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखणे वाढत असेल, रात्री उशा वाढवून झोपावे लागत असेल किंवा अलीकडे दोनदा पडणे झाले असेल, तर गावाची निवड नंतर, आधी तपासणी.

जे सोबत असतात त्यांच्यासाठी

आता ओर्व्हिएतोच्या त्या दोन रात्रींबद्दल. पहिल्या दिवशी आम्ही काहीही पाहिले नाही. आई दुपारभर पाय उशीवर ठेवून झोपली. संध्याकाळी तिला कॅथेड्रलच्या चौकापर्यंत नेऊन आणले. रस्ता एकच, वळणे दोन. पांढऱ्या आणि काळसर दगडांच्या पट्ट्यांच्या त्या इमारतीसमोर ती बराच वेळ बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तिचा पलंग रिकामा होता. मी चपला न घालताच जिना उतरले. ती चौकाच्या कडेला दगडी ओट्यावर बसलेली सापडली. शेजारी कॉफीचा रिकामा पेला. ‘उठवले नाही तुम्हाला. फार दमलेले दिसत होतात,’ ती म्हणाली. निवासाचा पत्ता लिहिलेले कार्ड तिने पदराच्या टोकाला पिनेने लावले होते. मी रागावणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प राहिले. त्या सहलीत ती प्रथमच कोणाच्या हाताला न धरता कुठे तरी गेली होती. दुपारी तिने आम्हाला सांगितले, ‘तुम्ही बसा, मी जाऊन येते.’

लहान गावाचा खरा उपयोग मला त्या दिवशी समजला. मोठ्या शहरात वृद्ध माणूस सतत कोणाच्या तरी स्वाधीन असतो, आणि त्याला सांभाळणारा सतत पहाऱ्यावर. दोघांनाही विसावा नसतो. जेथे रस्ता एकच आणि चौक एकच आहे, जेथे वाहनांची भीती कमी आहे, तेथे ते तासभर एकमेकांपासून मोकळे होऊ शकतात. पत्नी आजारी पतीची वर्षानुवर्षे सेवा करीत असेल, तर तिच्यासाठी हा तास फार मोठा असतो. म्हणून गाव निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे आपल्या वडीलधाऱ्यांना खोलीपासून एखाद्या बाकापर्यंत एकट्याने जाऊन परत येता येईल का? उत्तर होकारार्थी असेल, तर गाव चुकलेले नाही. वृद्धांनी मात्र एकटे निघताना पत्त्याचे कार्ड आणि भ्रमणध्वनी जवळ ठेवावा, आणि माझ्या आईसारखे न करता, सांगून जावे.

त्या गृहस्थांनी शेवटी अरेत्सो निवडले. पत्नीला हृदयाचा त्रास असल्याने रुग्णालय जवळ हवे, म्हणून. मला ती निवड पटली. आपल्या आराखड्यात अशा दोन रात्री बसत नसतील, तर यादीतले एक मोठे शहर कमी करावे आणि त्या रात्री या मुक्कामाला द्याव्यात. उरलेली शहरे बरी पाहून होतील.